लाल दोनदा आलं की थांबायचं

सर, परवा तुमच्या थोरल्या भावाकडे जाऊन आले. आण्णांकडे. सांगलीहून कराडच्या एसटीत बसले, फाट्यावर उतरले आणि चालत गेले. रस्ता आता डांबरी आहे आणि पाणीसंस्थेच्या ऑफिसला निळा रंग दिलाय, एवढे दोन बदल सोडले तर गाव लगेच ओळखू आलं. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी त्या गावाला एकदाही गेले नव्हते, तुमच्या दहाव्यालाही नाही. आता का गेले ते सांगायला बसले आहे, आणि त्यासाठी सुरुवात माझ्या ऑफिसपासून करावी लागेल. ऑफिस म्हणजे सांगलीच्या घरातली मागची खोली. कंपनी पुण्यात असते आणि मी इथे असते, सध्या असंही चालतं.

आमच्याकडे प्रोग्राम लिहायला जी भाषा वापरतात ती तुम्ही शिकवलेल्या लिस्पची नात म्हणावी अशी आहे. तेच कंस, तेच सगळं आतून बाहेर वाचणं. फरक एवढाच की ही नात दुसऱ्या एका मोठ्या भाषेच्या घरात भाडेकरू म्हणून राहते, आणि त्या घरातल्या वस्तूंकडून काही करून घ्यायचं तर घरमालकाच्या रीतीने सांगावं लागतं. आधी कोणाला सांगायचं ती वस्तू, मग तिने करायचं काम, मग त्या कामाला लागणारं सामान. तुमच्या पाण्याच्या प्रोग्राममध्ये याला 'सांग' होतं. व्हॉल्व्हला सांग, उघड. दर वेळी एवढं लांबलचक लिहायचा कंटाळा येतो, आणि कंटाळा आला की हुशार माणसं मॅक्रो लिहितात, म्हणजे थोडक्यात सांगितलेलं आपोआप लांब लिहून देणारी सोय. नागपूरकडची एक मुलगी नवीन लागली आहे, तिने लिहिला आणि तपासायला माझ्याकडे पाठवला. पाच ओळींचा, नीटनेटका. वस्तू जागेवर आहे का ते आधी बघायचं आणि असेल तरच तिला काम सांगायचं. मी वाचलं आणि चहाचा कप खाली ठेवला. तो मॅक्रो माझ्या ओळखीचा होता. नाव तेवढं वेगळं होतं. मी खाली शेरा लिहिला, 'लाल दोनदा आलंय.' तिला त्यातून काय कळणार? तिने लगेच फोन केला, "मॅडम, लाल म्हणजे?"

मग मी तिला गोष्ट सांगितली. नव्या लोकांना मॅक्रो शिकवताना मी ती गेली कित्येक वर्षं सांगत आले आहे, त्यामुळे आता पाठच झाली आहे. माझ्या माहितीतले एक सर होते, गावाच्या पाण्याच्या पाळ्या लावायचा त्यांनी प्रोग्राम केला होता, त्यांच्या प्रोग्राममध्ये असाच एक मॅक्रो होता आणि त्याने अर्धं गाव कोरडं ठेवलं. 'त्यांच्या प्रोग्राममध्ये.' यात खोटं काही नाही, प्रोग्राम तुमचाच होता. ऐकणारे हसतात, वहीत टिपून घेतात आणि पुढे जातात. ही मुलगी हसली नाही. तिने विचारलं, "मग त्या सरांचं काय झालं?" हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, नेटवर्क तुटतंय, उद्या बोलू.

कराडला शेवटच्या वर्षाला तुम्ही आम्हाला लिस्प शिकवायचात. लॅबमध्ये पंखा फिरायचा पण वारा लागायचा नाही. पोरं म्हणायची, ही भाषा जगात कुणी वापरत नाही, सरांनाच तिची हौस आहे. तुम्ही ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचात. मॅक्रो शिकवला तो दिवस मला आत्ता समोर दिसतो आहे. तुम्ही फळ्याकडे पाठ करून उभे आहात, बाहीला खडूची पांढरी रेघ लागली आहे, आणि तुम्ही सांगताय की फंक्शन म्हणजे काम करणारा माणूस, त्याच्या हातात जे द्यायचं ते आधी तयार करून द्यावं लागतं. मॅक्रो म्हणजे चिठ्ठी लिहिणारा. तो काम करत नाही. तुम्ही बोललेले शब्द तो न उकलता तसेच्या तसे घेतो आणि त्यांची दुसरी चिठ्ठी लिहितो. काम पुढे चिठ्ठी वाचणारा करतो. मग थोडं थांबून म्हणालात, "चिठ्ठी चुकली तर लिहिणाऱ्याला पत्ता लागत न्हाई. त्यो तवर घरी गेलेला असतो." वर्गात प्रमाण बोलणारे तुम्ही असे मधेच गावाकडे घसरलात की आम्ही समजायचो, हे परीक्षेत येणार नाही पण लक्षात ठेवायचं आहे.

तुमचा एक नियम होता, त्याची आम्ही टवाळी करायचो. मॅक्रो मशीनवर चढवायच्या आधी वहीत हाताने उलगडून दाखवायचा. म्हणजे चिठ्ठी लिहिणारा शेवटी काय लिहून देणार आहे ते पेनाने पूर्ण लिहायचं, तुम्ही वाचणार, टिक करणार, खाली सही करणार, मगच की-बोर्डला हात लावायचा. मशीन हे एका आज्ञेत करून दाखवायचं, पण तुम्हाला ते चालायचं नाही. मी एकदा म्हणाले होते, "सर, वेळ जातो यात." तुम्ही वही माझ्या हातातून घेतलीत, मिटलीत आणि परत दिलीत. "सोय बघायला शिकलीस. आता उलगडून बघायला शिक," एवढंच म्हणालात. सगळ्या लॅबसमोर. मला राग आला होता आणि तो पुरते दोन दिवस टिकला.

शेवटच्या वर्षाचा माझा प्रोजेक्ट म्हणजे तुमच्या गावचं पाळीपत्रक. कृष्णेवरून पाणी उचलणारी संस्था, दोन पाइपलाइनी, आणि पाटकरी तोंडपाठ यादीवर पाणी फिरवायचा. कोणाची पाळी कधी यावरून दर उन्हाळ्यात गावात भांडण व्हायचं म्हणून तुम्ही ते कॉम्प्युटरवर आणायचं मनावर घेतलंत. संस्थेच्या ऑफिसच्या आतल्या खोलीत कॉलेजमधून काढून टाकलेलं एक मशीन आणून बसवलं. मी तासगावची, आमच्याकडे द्राक्षाला ड्रिप, पाण्याची पाळी म्हणजे काय हे मला तुमच्याकडे येऊन कळलं. रविवारी मी यायचे आणि काकूंच्या हातचं जेवून संध्याकाळच्या गाडीने परत जायचे. तुमच्या आणि आण्णांच्या घरांत एकच भिंत होती, आणि त्या भिंतीत स्वयंपाकघरातून स्वयंपाकघरात जायचं दार. वाटणी होऊन बरीच वर्षं झाली होती तरी ते दार कधी लावलेलं मी पाहिलं नाही. तुम्ही जेवायला बसलात की पलीकडून आण्णांच्या मंडळी एक हात आत घालून कोरड्यासाची वाटी ठेवायच्या. तुम्ही न बघता ती पुढे ओढायचात. आण्णा दारात उभे राहून मला विचारायचे, "काय म्हंतंय तुमचं मशीन? पानी देतंय का नुस्ता हिसाब?" आणि आपल्याच बोलण्यावर हसायचे.

आता मॅक्रोचं सांगते. तुमचं 'सांग' साधं फंक्शन होतं, आणि एखादा व्हॉल्व्ह बिघडला म्हणून यादीतून काढला असेल तर ते तिथेच अडून प्रोग्राम बंद पडायचा. सकाळी पाटकरी कागदाची वाट बघत उभा आणि आत आम्ही मशीन परत सुरू करतोय, असं चार वेळा झालं. मग मी 'सांग'च्या जागी माझा मॅक्रो केला. समोरचा जागेवर आहे का बघ, असेल तर त्याला सांग, नसेल तर गप्प पुढे जा. लिहायलाही सुटसुटीत. नियमाप्रमाणे मी तो वहीत उलगडला. उदाहरणाला व्हॉल्व्ह-तीन घेतला: 'व्हॉल्व्ह-तीन आहे का? असेल तर व्हॉल्व्ह-तीनला सांग, उघड.' नाव दोनदा आलं होतं, पण नाव कितीही वेळा घेतलं तरी व्हॉल्व्ह तोच राहतो. तुम्ही वाचलंत, टिक केलीत, सही केलीत. दुसरं उदाहरण उलगडायचं मला सुचलं नाही असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. खरं असं की सुचलं होतं आणि कंटाळा केला.

पाळीपत्रकात व्हॉल्व्हला नुसतं नावाने हाक मारायची नव्हती. तिथे ओळ होती, 'पुढच्याला सांग, पाणी घे.' आणि 'पुढचा' हे नाव नव्हतं. यादीतलं सगळ्यात वरचं नाव काढून हातात देणारं ते एक काम होतं. माझ्या मॅक्रोने शब्द न उकलता घेतले आणि चिठ्ठी लिहिली: 'पुढचा आहे का? असेल तर पुढच्याला सांग, पाणी घे.' पहिल्या 'पुढचा'ला वरचं नाव निघालं, 'आहे' एवढं कळलं आणि ते नाव गेलं. दुसऱ्या 'पुढचा'ला त्याच्या खालचं नाव निघालं आणि पाणी त्याला मिळालं. एक आड एक. तेवढ्यावर भागलं असतं तर ती मशीनची गंमत म्हणून लोकांनी सोडून दिली असती. पण वरच्या पाइपलाइनवर सगळ्या जमिनी दोघा-दोघा भावांत वाटलेल्या होत्या, बावीस जोड्या, आणि गावाच्या रीतीप्रमाणे यादीत थोरल्याचं नाव वर, धाकट्याचं त्याच्या खाली. बावीसच्या बावीस थोरले कोरडे राहिले आणि धाकट्यांना पाणी मिळालं. तुम्ही धाकटे होतात.

वैशाख होता. आधी कुणाला संशय आला नाही, उलट तुमची वाहवा झाली, कारण फेर निम्म्या दिवसांत पुरा व्हायला लागला होता. थोरल्यांनी पाटकऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, यंदा यादी मशीनची आहे, आधी धाकट्यांचं उरकतंय, तुमचं मागून येईल. छापील कागदाला उलट विचारायचं कुणाला सुचलं नाही, त्यालाही नाही. नवव्या दिवशी मागून थोरले आले नाहीत, पहिल्यापासून पुन्हा धाकटेच आले. दहाव्या दिवशी तुम्ही मला निरोप धाडलात. मी सकाळी आले, ऑफिसच्या मागच्या दाराने आतल्या खोलीत गेले. पुढे व्हरांड्यात माणसं जमायला लागली होती.

मला सापडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. मी ती ओळ मशीनकडून उलगडून घेतली आणि पडद्यावर ती दिसली, 'पुढचा' दोनदा. मधलं दार उघडं होतं. बाहेर कोण काय बोलतंय ते मला शब्द न् शब्द ऐकू येत होतं. लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार म्हणाले, "मास्तर, बावीस थोरलं आन बावीसच्या बावीस वगळलं. मशिनीला थोरला-धाकटा कळतो व्हय?" पाटकरी पुन्हा पुन्हा म्हणत होता, "मी आपलं कागदावर हाय तसं वॉल फिरवलं." मग आण्णांचा आवाज आला. ते ओरडले नाहीत. "भिंतीपलीकडं ऱ्हातूस. माझी उसाची लागण करपाय लागली. तुझ्या वावरात दोनदा पानी फिरलं. येकदा तरी विचारायचं हुतंस, आण्णा, तुला पानी आलं का म्हनून."

तुम्ही उठून आत आलात. दारातच उभे राहिलात. "सापडलं?" मी म्हणाले, "अजून नाही, सर." माझ्या मागे पडदा तसाच होता आणि तुमची नजर चांगली होती. तुम्ही तीन-चार क्षण पडद्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे, आणि परत बाहेर गेलात. बाहेर जाऊन म्हणालात, "चूक माझी हाय. यादी मी तपासली हुती. मुद्दाम न्हाई केलं." आण्णा म्हणाले, "चूक अशी येक आड येक हुती व्हय रं?" आणि चपला पायात सरकवल्याचा आवाज आला.

त्या वेळी मी बाहेर येऊन दोन वाक्यं बोलायला हवी होती. मॅक्रो माझा आहे, मी तासगावची आहे. या गावात ना माझं वावर, ना भाऊ, ना भावकी. माझ्याकडून झालेली ती चूक लोकांनी चूक म्हणून मानली असती. तुमच्याकडून झालेली मानणं त्यांना शक्यच नव्हतं. हे तुम्हालाही ठाऊक असणार. आणि मला तेव्हाच ठाऊक होतं, पुढे सुचलेलं शहाणपण नाही हे. पुढच्या आठवड्यात माझी तोंडी परीक्षा होती, पुण्याची नोकरी ठरलेली होती, बाहेर पन्नास-साठ पुरुष उभे होते आणि मी एकटी मुलगी होते. यातलं प्रत्येक कारण खरं आहे. सगळी मिळूनही ती पुरी पडत नाहीत.

दुपारी तुम्ही मला फाट्यावर सोडायला आलात. वाटेत पिकापाण्याचं बोललात, परीक्षेला कोण बाहेरचे येणार ते सांगितलंत, त्या विषयावर एक अक्षर नाही. मशीन संस्थेने दुसऱ्याच दिवशी गुंडाळून ठेवलं, तुमची समितीतली जागाही गेली, हे मला वर्गातल्या पोरांकडून कळलं. परीक्षा झाल्यावर निरोप घ्यायला आले तेव्हा तुम्ही खिशातून लाल-निळी पेन्सिल काढून दिलीत. अर्धी वापरलेली, दोन्ही बाजूंनी टोकदार. म्हणालात, मॅक्रो उलगडताना जे शब्द न उकलता घेतलेत ते लाल लिहायचे, बाकीचं निळं. "लाल दोनदा आलं की थांबायचं. आधी त्याला एकदा उकलून एका नव्या नावात धरायचं, आन मग त्या नावाला पाहिजे तेवढ्यांदा हाक मार." हा नियम आधी नव्हता. तो तुम्ही माझ्यासाठी केला होता आणि तो देताना माझ्याकडे पाहिलं नाहीत. मी "थँक यू सर" म्हणाले. वाईट वाटलं का तेव्हा? वाटलं, पण सुटल्यासारखं जास्त वाटलं.

एवढं सगळं त्या नागपूरच्या मुलीला सांगणं शक्य नव्हतं. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. सरांचं काय झालं? सरांशी त्यांच्या भावाने बोलणं टाकलं, मधलं दार बंद झालं, सात वर्षं एकाच भिंतीला पाठ लावून दोघे राहिले आणि मग सर वारले. हे मला माहीत होतं. आणि आण्णा अजून आहेत हेही माहीत होतं. तासगावहून भावाने आणलेले बेदाणे घरात होते, थोडे काळे, थोडे पिवळे. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून त्यांच्या दोन पुड्या बांधल्या आणि निघाले.

आण्णा सोप्यात खुर्चीवर बसले होते. ऐंशी उलटली असेल, कान चांगले आहेत. मी कोण ते सांगितलं. "व्हय, मशीनवाली पोरगी," म्हणाले आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. मला वाटलं होतं आधी इकडचं-तिकडचं बोलावं लागेल. पण त्यांनीच काढलं. "लय हुशार हुता. पर त्या येका उन्हाळ्यानं माजं मन उठलं. सात वर्सं बोललो न्हाई. खांदा दिला, त्ये बी न बोलताच." मी म्हणाले, "आण्णा, ते कसं झालं ते दाखवते. दहा मिनिटं द्या." कॉम्प्युटर, मॅक्रो, कंस, यातलं काहीच बोलले नाही. पुड्या सोडल्या आणि फरशीवर बेदाण्यांची ओळ लावली. एक काळा, एक पिवळा, एक काळा, एक पिवळा. काळा थोरला, पिवळा धाकटा. कागदावर तुमची-माझी ती चिठ्ठी मोठ्या अक्षरांत लिहिली. वरच्या ओळीत, 'पुढचा उचल. आहे का बघ.' खालच्या ओळीत, 'असेल तर पुढचा उचल. वाटीत टाक.' मी म्हणाले, डोकं चालवायचं नाही, कागद म्हणेल तसंच करायचं. तुमचा पाटकरी करायचा तसं.

ते खुर्चीवरून खाली उतरून बसले. चष्मा लावला. "पुढचा उचल," वाचलं, काळा उचलला, आहे म्हणाले आणि बाजूला ठेवला. "पुढचा उचल," वाचलं, पिवळा उचलून वाटीत टाकला. तिसऱ्या खेपेला त्यांचा हात रेंगाळला. मला वाटलं आता थांबतील, पण ते थांबले नाहीत, शेवटच्या बेदाण्यापर्यंत गेले. मग वाटी हातात घेऊन उन्हाकडे धरली. सगळे पिवळे.

"म्हंजे त्यानं न्हाई केलं."

"नाही, आण्णा."

"ह्यो कागद कुनी लिवला हुता?"

"मी."

चहा आला, त्यावर साय धरली. मी शिव्या खायची तयारी ठेवली होती आणि खरं सांगायचं तर त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. ते वाटीतले बेदाणे बोटाने इकडून तिकडे ढकलत राहिले. मग हाक मारली, "आगं सुनबाई, त्या दाराम्होरलं डबं काढ." सून म्हणाली, "आवं मामा, पिठाचं डबं हायती, ठेवायचं कुठं?" "कुठं बी ठेव. कडी काढ आन पलीकडं सांग, जेवाय येतुया म्हनावं." आतून डबे सरकवल्याचा आवाज यायला लागला. बावीस-तेवीस वर्षांत ती कडी गंजली होती, काढायला पक्कड लागली. पलीकडून काकूंचा आवाज आला, "कोन हाय?" आणि आण्णांनी डोळे पुसले. मीही पुसले. मी अशी रडणारी नाही, तुम्हाला माहीत आहे.

हे पत्र मी त्या वहीत ठेवणार आहे, तुमची सही असलेल्या पानात, पेन्सिलीशेजारी. पेन्सिल आता बोटाच्या पेराएवढी उरली आहे, लाल बाजू आधी संपत आली. नागपूरच्या मुलीला मी काल व्हिडिओ कॉलवर सगळं नीट सांगितलं, मॅक्रो माझा होता हेसुद्धा. ती म्हणाली, "मॅडम, बरं केलंत जाऊन आलात." मी मान डोलावली. तिला जे सांगितलं नाही ते तुम्हाला सांगून संपवते.

निघताना आण्णा मला अंगणापर्यंत सोडायला आले, काठी टेकत. तिथे थांबून त्यांनी विचारलं, "आन त्या दिशी, बैठकीला, तू कुठं हुतीस गं?" मी म्हणाले, पुण्याला. नोकरीला लागले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तरीच. हितं असतीस तर बोलली असतीस, पोरी."

मी हो म्हणाले.